मुकादम सरांचा मावा आणि खाडीतली तिसरी

मुकादम सरांचा मावा मी मारला आणि पुढे तीन आठवडे गप्प बसलो, हे आधीच सांगून टाकतो.

मावा म्हणजे वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर बसते ती बारीक काळी कीड. सत्तरच्या दशकाच्या शेवटी गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात सर प्राणिशास्त्र शिकवत. मी वनस्पतिशास्त्राचा, म्हणून बाग माझ्याकडे. तिथल्या एका वेलावर सरांनी चक्क मावा पाळला होता. रोज भिंग लावून पिल्लं मोजायची आणि वहीत लिहायची. शेजारच्या रकान्यात तिसरी, म्हणजे त्यांच्या कोकणातल्या गावच्या खाडीतला शिंपला. नाशकात बसून सर या दोघांची तुलना करीत.

"दोघंही नळीनं पितात," ते सांगत. "पण तिसरी आपलं वय कवचावर लिहून ठेवते, मावा कात टाकून मोकळा होतो. आधी तुलना करा, मग बोला."

माणसांचीही सुटका नव्हती. प्राचार्य तिसरी, कारण "टकटक केली की मिटतात." मी मावा. "जागा सोडत नाही, रस चालू."

स्टाफरूममध्ये कोणी विचारी, "काय सर, आज कोण पुढे?"

"मावा. अकरा पिल्लं. नराशिवाय."

सगळे हसत. पण मधली सुट्टी विसरून मुलं त्या वेलाभोवती उभी राहत. माझ्या वर्गात असं कधी घडलं नाही.

विद्यापीठाची समिती यायची होती. बाग नीट दिसावी म्हणून मी सगळीकडे औषध मारलं, त्या वेलावरही. सरांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "ढालकिड्यांनी खाल्ला असेल."

मग एके दिवशी त्यांनी एक आंतरदेशीय पत्र माझ्यापुढे ठेवलं. कोकणात त्याच गावी आजोळी राहणाऱ्या त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीचं, नसीमचं. 'अब्बा, खुणेचा दोरा बांधलेली तिसरी वाढली नाही. पट्टीनं दोनदा मोजली. तुमचा मावा किती झाला? तुम्ही लिहीत का नाही?'

"तिची आई गेली आणि मी तिला तिकडे ठेवलं," सर म्हणाले. "तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हती. या मोजामोजीमुळे बोलायला लागली. मोजायला काही उरलं नाही म्हणून पत्र टाळत होतो. आता लिहितो, माझ्या दुर्लक्षानं मेला."

"सर, औषध मी मारलं."

त्यांनी वही मिटली. मग पेन माझ्या हातात दिलं. "माझं सोडा. तिला सांगा."

मी लिहिलं, 'नसीम, तुझ्या अब्बांचा मावा मी मारला आणि त्यांच्याशी खोटं बोललो. तुला पत्र आलं नाही ते माझ्यामुळे. मला माफ कर.'