नारळ फुटलेला संडास

या, असे जवळ सरका. खांबाला टेकलेल्यांनीही पुढं यावं. कथा सोवळ्यातली नाही. पण तिच्यात नारळ आहे, टाळ आहेत, सत्यनारायण आहे आणि एक मुलगी आहे. एवढ्या सामग्रीत थोडंफार पुण्य लागलंच पाहिजे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि पंचायत समिती त्याहून नवी. पिंपळगाव राजा या गावाच्या पुढं नाल्याकाठी एक खेडं होतं. तिथल्या शाळेला सातवीपर्यंत वर्ग होते, फळा होता, घंटाही होती. पाणी आणि आडोसा हे दोन विषय मात्र अभ्यासक्रमात नव्हते. मुलं कुठंही उभी राहत. मुली नाल्यातल्या बाभळींमागं जात. सातवीतली चांगुणा तर शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोटच घेत नसे.

अशा गावी खामगावच्या कॉलेजातली तरुण मंडळी श्रमदानाला आली. त्यांचा म्होरक्या जानराव. पहिल्याच दिवशी चांगुणाची आई झुंबरबाई त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"भाऊ, पोरगी हुशार हाये माही. पन आता मोठी झाली. आडोसा झाला तं शिकीन, नाही तं दिवाळीपासून घरीच."

"मावशी, दिवाळीच्या आत संडास उभा करतो," जानरावानं शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारातल्या खड्ड्यावर कॉलेजची पोरं आणि एक बकरी, एवढीच हजेरी होती. सरपंच उत्तमराव पान चघळत म्हणाले, "अबे, संडास खोदाले कोनी येते का? देवाचं काम सांग, गाव लोटते का नाही पाह्य!"

जानराव लहानपणापासून कीर्तनात मांडी घालून वाढलेला. त्याला वाटलं, देवाचं नाव घेतल्यानं बिघडतं काय? त्यानं भूमिपूजन काढलं. कुंकू लागलं, नारळ फुटला आणि खरोखरच गाव लोटलं. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या अंगणातला दगड उचलला नव्हता, ते डोक्यावर विटा वाहू लागले. बघता बघता भिंती चढल्या, पत्र्याचं दार बसलं, दाराला आतून कडी लागली, बाजूला नळाची टाकी झाली. काम पुरं झालं म्हणून सत्यनारायण घातला. गावात सिमेंटची गुळगुळीत जागा ती एकच. चौरंग तिथंच नेमका मावला.

"आता वापरा," जानराव म्हणाला.

गाव दोन पावलं मागं सरलं.

"काय बोलून राह्यला बे!" उत्तमराव दचकले. "जिथं परसाद खाल्ला, तिथं जाऊन बसाचं?"

तर्क बिनतोड होता. चांगुणा पाण्याचा डबा घेऊन दारापर्यंत गेली, तर म्हातारी शालूबाई ओरडली, "पोरी, हात जोड अन् माघारी फिर!" टाकीचं पाणी पोरं आधी डोळ्यांना लावत, मग पीत. चांगुणा तेही पीत नव्हती.

जानरावाची झोप उडाली. शेवटी त्यानं कीर्तनकार मोतीरामबुवांचे पाय धरले. बुवा आले, संडासासमोर उभे राहिले आणि असे रंगले की टाळकऱ्यांनाही भान उरलं नाही. "मायबापहो, देव राहतो कुठं? जिथं लेकीबाळींची लाज राखली जाते, तिथं! हे दार उघडून आत जाणं, हीच त्याची पूजा!"

बायाबापड्या रडल्या. उत्तमरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. जानरावाला वाटलं, जिंकली लढाई.

"काय निरूपण केलं बुवा!" उत्तमराव गहिवरून म्हणाले. "अशी जागा तालुक्यात नाही. आता दर एकादशीले कीर्तन इथंच."

ठराव एकमतानं मंजूर झाला. संडासावर पताका लागली. गाव नाल्याकडं गेलं.

मग पंचायत समितीचे साहेब जीपमधून पाहणीला आले. दारात चपलांची रांग पाहून त्यांनीही बूट काढले. आत उदबत्तीचा वास. साहेबांनी शेरा मारला, 'पाहणी केलेल्या शौचकूपांपैकी हेच एकमेव पूर्णतः निर्गंध. वापरकर्त्यांची शिस्त अनुकरणीय.' तालुक्यात पहिला नंबर आला. सर्व शाळांनी याच पद्धतीने, नारळासह, बांधकाम करावे, असा आदेश निघाला.

दिवाळीनंतर सत्काराला जानरावाला बोलावलं. मांडवाच्या कडेला झुंबरबाई उभी होती.

"भाऊ, शब्दाचे पक्के तुमी. आडोसा झाला."

"मग चांगुणा येते ना शाळेत?"

"येते का मंजे! रोज येते. सांजच्याले, दिवा लावाले. वर्गात नाही बसत, पन आवार सोडलं नाही तिनं."

जानरावाला एकदम ओरडावंसं वाटलं, दाराला लाथ मारावीशी वाटली. तेवढ्यात कर्ण्यातून त्याचं नाव पुकारलं गेलं. समोर हार होता, लोक उभे होते. तो व्यासपीठावर गेला. जाताना संडासापुढं त्याचेही हात आपोआप जोडले गेले.

हसलात? हसा, हसा. मीही हसलो. घरी जाताना वाटेत एखादी नवी इमारत लागेल, रंगवलेली, पताका लावलेली. हात जोडावेसे वाटतील. खुशाल जोडा, त्यात पाप नाही. फक्त तेव्हा चांगुणाची आठवण ठेवा. दिव्यात तेल घालून झालं, की ती अजूनही नाल्याकडंच जाते.