घोरपडबाईंचं करवंदाचं लोणचं

एका जंगलात पाणवठा एकच होता आणि तहानलेले पुष्कळ होते. म्हणून, बालमित्रांनो, तिथं सरकार आलं. सरकार आलं तशी रांग आली आणि रांग आली तशी खिडकी आली.

खिडकीत घोरपडबाई बसत. कुणाला आधी पाणी, कुणाला नंतर, हे त्या ठरवत. नोकरी कायम होती. घोरपडीची जातच अशी, की एकदा धरलं की सोडायचं नाही.

एका चैत्रात बाईंनी घरी करवंदाचं लोणचं घातलं आणि दोन बरण्या सहज खिडकीत ठेवल्या. दुपारच्या आत संपल्या. दुसऱ्या दिवशी ससा आपणहून आला.

"बाई, लोणचं उरलंय का हो?"

"अरे, पण तू तर गवत खातोस ना?"

"त्यालाच तोंडी लावतो. काय चव आहे तुमच्या हाताला! बरं, आमचा नंबर?"

"लावते पुढं," बाई कौतुकानं म्हणाल्या.

हरणीनं तीन बरण्या नेल्या. रानडुकरानं तर झाकण न उघडताच "वा!" म्हटलं.

घरी सासूबाई होत्या. त्यांना पाणी घरबसल्या मिळत असे, त्यामुळे त्यांची चव शाबूत होती.

"सूनबाई, मीठ फार झालंय. दोन टोकांची जीभ माझी, दोन्ही टोकं सोलून निघाली."

"पुढच्या खेपेला बघते हं, आई," बाई म्हणाल्या. मनात म्हणाल्या, सगळ्या जंगलाला आवडतं, खुपतं ते घरच्यांनाच.

वैशाख आला. बाईंच्या मनात हिशेब सुरू झाला. खिडकीतलं काम सांभाळून एवढं खपतं, तर दिवसभर धंद्यालाच बसलं तर किती खपेल!

"राजीनामा देते," त्या एके दिवशी म्हणाल्या.

"धरलेलं सोडू नये गं," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या कुळात तेवढी एकच विद्या आहे."

"आई, नोकरीत जीव कुजतो."

"लोणच्यात नाही कुजायचा. एवढं मीठ आहे."

निरोपसमारंभाला ससा ढसाढसा रडला. "तुम्ही जाणार?" तो हुंदके देत म्हणाला. "मग खिडकीत कोण येणार?" त्याचं प्रेम पाहून बाईंनाही भरून आलं.

उंबराखाली दुकान लागलं. बरण्या मांडल्या. ससा आला आणि कान पाडून पुढं गेला. हरणी म्हणाली, "आमच्याकडे हल्ली आंबट चालत नाही हो." चार दिवसांत एक बरणी हलली, तीही वाऱ्यानं.

रानडुक्कर मात्र अडाणी. त्याला खोटं बोलायला अवघड जाई.

"बाई, तुमच्या बरण्या आम्ही वारुळामागं पुरल्यात," ते म्हणालं. "सगळ्यांच्याच तिथं आहेत. मुंग्यासुद्धा वारूळ सोडून गेल्या."

"आणि तू 'वा' म्हणाला होतास ते?"

"तहान लागली होती, बाई."

घरातलं पाणी संपलं होतं. सासूबाईंच्या घशाला कोरड पडली होती. बाई जन्मात पहिल्यांदा रांगेत उभ्या राहिल्या.

खिडकीत आता तरसभाऊ होते. त्या जागेसाठी दुसरा अर्जच आला नव्हता. खिडकीत ओळीनं बाटल्या होत्या. घरी गाळलेलं अत्तर! पुढं उभ्या असलेल्या सशानं दोन्ही कानांना चोपडलं होतं आणि तो तोंडानं श्वास घेत होता.

"या, घोरपडबाई," तरसभाऊ म्हणाले. "तुमचा नंबर आज लागेलसं दिसत नाही. अत्तर बघता का?"

बाईंनी बूच काढलं. डोळ्यांतून पाणी आलं. दिवसभरात पाहिलेलं तेवढंच पाणी.

"वा!" बाई म्हणाल्या. "दोन द्या."

नंबर लागला. मडकं भरलं. तरसभाऊ खिडकीतून वाकून हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही धंद्यातल्या. खरं सांगा. गिऱ्हाईक नुसतं तुटून पडतंय. वाटतं, नोकरी सोडून हेच करावं."

खरं काय ते बाईंच्या जिभेच्या एका टोकावर आलं होतं. पण त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, आणि बोललं ते दुसरं टोक.

"सोडाच, तरसभाऊ. असा गुण खिडकीत कुजवू नये!"

घरी येऊन त्यांनी सासूबाईंना पाणी दिलं आणि हिरवी करवंदं चिरायला घेतली.

घसा ओला झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "या खेपेला तरी मीठ बेतानं घाल गं."

"कशाला, आई?" बाई म्हणाल्या. "तरस राजीनामा देतोय."

तात्पर्य : बालमित्रांनो, मोठेपणी स्वतःचा धंदा जरूर काढा. माल, चव, मेहनत यांची काळजी नको. आधी तेवढी एक खिडकी मिळवा, आणि पलीकडचे तहानलेले राहतील असं बघा.