पन्नास भोकांचा पुठ्ठा

कपाटाच्या माथ्यावरून पुठ्ठा काढताना सरांनी स्टूल धरायला कुणालाही हाक मारली नाही. त्यामुळे आधी पुठ्ठा खाली आला, मग एक जुनी सुटकेस आणि शेवटी सर. खाली आल्यावर त्यांनी आधी पुठ्ठा तपासला आणि मग गुडघा.

"काय पडलं?" आतून काकूंनी विचारलं.

"सुटकेस."

"आणि 'आई गं' कोण म्हणालं? सुटकेस?"

सरांनी सुटकेस पायाने बाजूला सारली. ते आज फार खुशीत होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि या नऊ वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच असेल तर 'तब्येत कशी आहे' एवढंच. आज मात्र नगरपालिकेच्या लोककल्याण कक्षाचा प्रमुख स्वतः घरी येऊन गेला होता. सरांचाच जुना विद्यार्थी. सरकारी योजना लोकांना समजावून सांगायला, कोणाला कोणता अर्ज लागतो ते सांगायला खिडकीवर एक माणूस बसवायचा होता. एकच जागा. तिच्यासाठी इतिहास, राज्यकारभार आणि लोककल्याण यांवर पन्नास प्रश्नांचा पेपर काढायचा होता. "तुमच्याशिवाय कोण काढणार, सर?" असं तो म्हणाला, तेव्हा सरांनी विचार करून सांगतो असं म्हणायला तोंड उघडलं आणि प्रत्यक्षात हो म्हणून टाकलं.

सरांनी बत्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. गावातली मुलं त्यांना 'चाळणी' म्हणत. हे सरांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. निरोपसमारंभात त्यांनी भाषणात स्वतःच सांगितलं होतं, "तुम्ही मला चाळणी का म्हणता हे मला कळतं. मी विद्यार्थी पारखून घेतो, खडा निवडून बाजूला काढतो." तेव्हा सभागृहात एवढ्या टाळ्या पडल्या की मुख्याध्यापकांना हात वर करावा लागला.

खरी चाळणी होती हा पुठ्ठा. लग्नाच्या पहिल्या वर्षी सरांच्या बुटांच्या खोक्याचं झाकण काढून काकूंनी त्याला पन्नास भोकं पाडली होती. उत्तरपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नापुढे अ, ब, क, ड अशी चार वर्तुळं असत. बरोबर उत्तराचं वर्तुळ मुलांनी काळं करायचं. मग तिच्यावर पुठ्ठा ठेवला की भोकांतून जेवढी काळी वर्तुळं दिसतील तेवढे मार्क. दाभणाने भोकं पाडता पाडता काकूंच्या बोटाला फोड आला होता. तो फोड पाहून सरांचा जीव एवढा कळवळला की पुन्हा पुठ्ठा करायला सांगायचं नाही असं त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. पुढची बत्तीस वर्षं प्रश्न दरसाल बदलले, पण बरोबर उत्तराची जागा तीच राहिली. घटना समितीने राज्यघटना कधी स्वीकारली, हे बाराव्या क्रमांकावर विचारायचं असेल तर सव्वीस नोव्हेंबर 'क'मध्ये बसवायचं. मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं, तेव्हा उत्तर बदललं, पण ते 'ड'मधून हललं नाही. बायकोच्या बोटापुढे सरांनी देशाचा सगळा इतिहास वाकवून घेतला होता.

"अहो," काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "या वेळी नवा करू या का? मी करते."

"छे! हा काय वाईट आहे? तुझ्या हातचा आहे."

काकू पुठ्ठ्याकडे आणि मग सरांकडे पाहत राहिल्या. काहीतरी बोलायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सर भोकांवरची धूळ फुंकत होते, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की काकू तशाच आत गेल्या.

परीक्षा रविवारी सकाळी सरांच्याच शाळेच्या सभागृहात झाली. एक्केचाळीस उमेदवार आले होते. कुणी दुकानदार, कुणी बसचा ड्रायव्हर, कुणी दवाखान्यातली नोंदणी करणारी. टेलरकाकांची सून सोडली तर सगळे सरांच्या हाताखालून गेलेले. सून तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन दुसऱ्या गावाहून आलेली. सरांना पाहून ड्रायव्हर वाकून नमस्कार करायला लागला, तर सर म्हणाले, "पेपर सोडव आधी."

घंटा झाली आणि सभागृहात हलकी गुणगुण सुरू झाली. कुणाचे ओठ हलत होते, कुणी बाकावर बोटाने ताल धरला होता. चाल ओळखीची वाटत होती, पण कुठली ते सरांना आठवेना. सातव्या मिनिटाला चाळीस जणांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी प्रश्नपत्रिका उघडली आणि सवडीने वाचायला घेतली. एकटी सून शेवटच्या घंटेपर्यंत नखं खात, खोडत, वर्तुळं काळी करत होती.

"पोरांची तयारी काय आहे!" सर कक्षप्रमुखाच्या कानात म्हणाले. कक्षप्रमुखाने रुमालाने मान पुसली.

दुपारी नगरपालिकेत तपासणी सुरू झाली. सरांनी पहिल्या उत्तरपत्रिकेवर पुठ्ठा ठेवला. पन्नासपैकी पन्नास. सरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दुसरी, पन्नास. तिसरी, पन्नास. दहाव्या पत्रिकेपर्यंत सर प्रत्येक वेळी "वा!" म्हणत होते. पंधरावीला ते नुसतं "हं" म्हणाले. विसावीला त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला.

"सर," कक्षप्रमुख कसंनुसं हसत म्हणाला, "जागा एकच आहे."

एक्केचाळीसपैकी चाळीस जणांना पैकीच्या पैकी. टेलरकाकांच्या सुनेला चौतीस. आता चाळिसांतून एक कसा निवडायचा, असा विचार चालू असतानाच मुख्याधिकारी मॅडम आल्या. मॅडम नव्या होत्या, बाहेरगावच्या होत्या आणि त्यांना कागद वाचायची वाईट सवय होती. त्यांनी प्रश्नपत्रिका पहिल्या पानापासून वाचली.

"एकतिसावा प्रश्न कुठाय?"

सर्वांनी पाहिलं. तिसरं पान तिसाव्या प्रश्नावर संपत होतं आणि चौथं बत्तिसाव्याने सुरू होत होतं. टायपिंगमध्ये एकतिसावा गळला होता.

मॅडमनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ओढला. "न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चाळीस लोकांनी दिलंय. सगळ्यांनी 'ब'."

"बरोबर आहे, 'ब'च," सर सवयीने म्हणाले आणि मग त्यांनी जीभ चावली.

"पेपर फुटलाय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पेपर तीन हातांतून गेला. तुम्ही, टायपिस्ट आणि हे कक्षप्रमुख. उद्या अकरा वाजेपर्यंत मला लेखी खुलासा हवा. नाहीतर चौकशी लावते, आणि चौकशी संपेपर्यंत हे दोघं घरी बसतील."

जिन्यात कक्षप्रमुखाने सरांचा हात धरला. "सर, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"चाळणी. अख्ख्या गावाला पाठ आहे. पाढ्यासारखी. दहा-दहाच्या पाच ओळी. मोठी भावंडं धाकट्यांना शिकवतात. मला वाटलं, या वेळी तरी तुम्ही नवा पुठ्ठा केला असेल."

"म्हणजे तुलासुद्धा?"

"मला नागरिकशास्त्रात पैकीच्या पैकी कसे पडले असते, सर? मला तेव्हा राज्यसभा आणि लोकसभा वेगवेगळ्या आहेत हेही माहीत नव्हतं."

सर कठडा धरून एक-एक पायरी उतरले. घरच्या बैठकीत शाळेने दिलेलं मानपत्र फ्रेम करून लावलं होतं. 'सलग बत्तीस वर्षं निकाल शंभर टक्के.' येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्यासमोरच बसवायची सरांची पद्धत होती. आज त्यांना त्या भिंतीकडे बघवेना. खुलाशाचं काय करायचं ते दुसरं, पण आपण बत्तीस वर्षं नेमकं काय केलं? खोक्याच्या झाकणाने मुलं पास झाली आणि आपण मधल्या मध्ये उभे होतो, एवढंच?

आत काकू वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि घालता घालता गुणगुणत होत्या. सर दारातच थांबले. ही गुणगुण ते लग्नापासून ऐकत आले होते. झाडताना, शिवताना, लेकीला झोपवताना. आणि आज सकाळी, सभागृहात.

"ही चाल कुठली?" सरांनी विचारलं.

काकूंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"अगं, चाल कुठली?"

"माझीच," काकू म्हणाल्या. "पन्नास भोकं लक्षात कशी ठेवायची? चुकीच्या जागी एक पडलं असतं तर झाकण वाया गेलं असतं. मग चाल लावली."

"आणि गावाला कुणी शिकवली?"

"गावाला नाही. एकीलाच. पहिल्या वर्षीच, तुमच्या वर्गातली एक मुलगी वह्या पोचवायला आली होती. दारातच रडायला लागली. नापास झाले तर शाळेतून काढतील म्हणाली. मला बघवलं नाही."

"एकीलाच!"

"कुणाला सांगणार नाही म्हणून शपथ घातली होती मी तिला."

सर खाली बसले. रागवावं असं त्यांना फार वाटत होतं, पण राग जमेना. "माझी सगळी वर्षं गेली की गं त्या भोकांतून," ते म्हणाले.

काकूंनी टॉवेलची घडी पुरी केली. "मला एवढंच माहीत आहे," त्या म्हणाल्या, "की इतर तासांना पोरं मागच्या खिडकीतून पळायची. तुमच्या तासाला दुसऱ्या वर्गातली खिडकीतून आत यायची."

दुसऱ्या दिवशी सरांनी खुलासा दिला. चारच ओळी होत्या. पेपर माझ्या घरातून फुटला, काल नव्हे, मी शिकवायला लागलो तेव्हापासून तो फुटलेलाच आहे. बाकी कोणाचा दोष नाही. मी एकच पुठ्ठा वापरला. काकूंचा उल्लेख त्यांनी केला नाही, फोडाचाही नाही.

मॅडमनी तो दोनदा वाचला, पुठ्ठा हातात घेऊन भोकांतून सरांकडे पाहिलं, आणि सगळ्या उमेदवारांना बोलावणं धाडलं. तोंडी विचारणार होत्या. सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसले. बत्तीस वर्षांचा निकाल आता समोरासमोर लागणार होता.

सुरुवातीला ड्रायव्हर आत आला. "पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लाखो बायकांची नावं मतदार यादीतून वगळावी लागली. का?" मॅडमनी विचारलं.

ड्रायव्हरने आधी खाकरून घेतलं. अगदी सरांसारखं. "त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, मॅडम. अमक्याची बायको, तमक्याची आई, असंच सांगायच्या. जवळजवळ अठ्ठावीस लाख. सरांनी हे शिकवलं त्या दिवशी आम्हाला घरी पाठवलं, म्हणाले, आजीचं नाव विचारून या. माझी आजी आधी लाजली. मग सांगितलं. तोवर आमच्या घरात कुणालाच ते माहीत नव्हतं."

दवाखान्यातली आली. तिनेही आधी खाकरलं. तिच्या आजीने म्हणे नाव सांगितलं आणि मग ती दिवसभर ते स्वतःशीच म्हणत बसली होती. "सर आधी म्हणाले, पेनं खाली ठेवा आणि ऐका. आणि फळ्यावर पहिलं नाव त्यांनी काकूंचं लिहिलं."

सर हे साफ विसरले होते.

सहा-सात जण झाल्यावर मॅडमनी पेन खाली ठेवलं. राज्यसभेचा सदस्य किती वर्षांसाठी असतो, हे मात्र दुकानदाराला आलं नाही. "त्या दिवशी मी गैरहजर होतो," तो म्हणाला.

"तुम्ही लोकांनी अभ्यास केला होता का कधी?"

"नाही, मॅडम. उत्तरं पाठ होती म्हणून अभ्यासाची गरजच नव्हती. मग तासाला करायचं काय? ऐकत बसायचो."

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

जागा टेलरकाकांच्या सुनेला मिळाली. एकतिसाव्यापुढची चारही वर्तुळं तिने कोरी सोडली होती. "लोकांनी विचारलंच नाही त्याचं उत्तर ठोकून देणारी माणसं इथे पुष्कळ आहेत," मॅडम कक्षप्रमुखाकडे पाहत म्हणाल्या. "खिडकीवर मला ही हवी." सरांच्या खुलाशावर त्यांनी शेरा मारला, 'पेपर फुटला असे म्हणता येत नाही, कारण तो बंद असल्याचा पुरावा नाही. यापुढे नवा पुठ्ठा वापरावा.' आणि निघताना म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात आणखी एक जागा भरायची आहे, सर. पेपर तुम्हीच काढा."

घरी येऊन सरांनी कात्री, दाभण आणि एक नवं खोकं टेबलावर मांडलं. भोकं या वेळी स्वतः पाडायची असं त्यांनी ठरवलं होतं. तिसऱ्याच भोकाला दाभण बोटात गेलं.

काकूंनी बोटाला पट्टी बांधली, टेबलावरचा पसारा उचलला आणि जुना पुठ्ठा वरचं टोक खाली करून सरांपुढे ठेवला. "असा धरा. झाला नवा."

सरांनी तो कोऱ्या उत्तरपत्रिकेवर ठेवून पाहिला. कडेला कड जुळली आणि पन्नासही भोकं वर्तुळांवर बसली. इतकी वर्षं हे आपल्याला कसं सुचलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. ते समाधानाने पहिला प्रश्न लिहायला बसले.

अर्ध्या तासाने आतून गुणगुण ऐकू आली. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. चाल नवी होती.

सर उठले आणि त्यांनी रस्त्याकडची खिडकी हळूच लावून घेतली.