चौथा बोल्ट

मी एकदा एखादं काम हातात घेतलं की ते पुन्हा दुसऱ्या कुणाच्या हातात जात नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण घरातलं दुसरं कुणी सांगत नाही. पंखा मी दुरुस्त केला, तो आज माळ्यावर आहे. मिक्सर मी दुरुस्त केला, तोही त्याच्या शेजारीच आहे. त्यामुळे शनिवारी "गाडी गॅरेजमध्ये टाकूया," असं बायको म्हणाली, तेव्हा मी नुसता हसलो.

"दोन शॉकअप बदलायचे," मी म्हटलं. "म्हणजे बोल्ट किती? चार. चार बोल्टांसाठी गॅरेज?"

शॉकअप म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना असतात ते स्प्रिंगवाले दांडे. खड्ड्यातला दणका त्यांनी खायचा असतो. आमच्या मोटरसायकलच्या शॉकअपांनी खाणं कधीच सोडलं होतं, दणका थेट चालवणाऱ्याच्या पाठीत जायचा. आणि चालवणारी बायको, कारण गाडी तिची आहे. मी मागे बसतो.

ती नर्स आहे. चार वर्षं तात्पुरत्या नोकरीवर काढल्यावर तिला आता कुठे कायमची जागा मिळाली होती, तीही पस्तीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात. सोमवारी सकाळी साडेआठला हजर व्हायचं. नाही झालं तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. तिकडे जाणारी पहिली बस दहाची. दोन टॅक्सीवाल्यांना विचारून झालं होतं, त्या रस्त्याचं नाव काढलं की ते फोन ठेवत. आणि तिच्या कमरेचा मणका गेल्याच वर्षी सरकलेला. हाडांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, ह्या शॉकअपवर एवढं अंतर गेलात तर पुढचा महिना पडून काढाल. म्हणून नवे शॉकअप आणले होते, एकदम भारीतले.

"उद्या संध्याकाळी गाडी अशी करून देतो," मी म्हटलं, "की खाली रस्ता आहे का गादी, तेच तुला कळणार नाही."

बायकोने नुसतं एकदा माळ्याकडे बघितलं.

रविवारी सकाळी नऊला मी सुरुवात केली. गाडी आमच्या तळमजल्याच्या बोळात मधल्या स्टँडवर उभी होती, एका बाजूने भिंतीला जवळजवळ खेटून. फोनवर व्हिडिओ लावला. त्यातला मेकॅनिक कुठल्या मुलखातला होता कोण जाणे. भाषा कळत नव्हती, खाली येणारी अक्षरंसुद्धा अशी की ती सुलटी आहेत का उलटी, हेही सांगता येऊ नये. पण हात तर दिसत होते. तो डावीकडे फिरवतो, मी डावीकडे फिरवतो. मोकळ्या बाजूचे दोन बोल्ट पटापट निघाले, एक शॉकअप हातात आला. भिंतीकडचा वरचा बोल्ट उभ्याउभ्याच काढला. साडेनवाला चारपैकी तीन झाले होते. मी चहा मागवला.

चौथा बोल्ट भिंतीच्या बाजूला, अगदी खाली होता. त्यासाठी मला भिंत आणि गाडी यांच्या फटीत बसावं लागलं, आणि एकदा बसल्यावर मान वळणं बंद झालं. फोन पाठीमागे, कारण तो आता म्हातारा झालाय, चार्जर काढला की मान टाकतो, आणि बोळातला एकुलता एक प्लग माझ्या पाठीशी. दुसऱ्या कुणी इथेच हात टेकले असते. मी बायकोचा आरसा मागवला आणि समोर भिंतीला टेकवून ठेवला. आता पाठीमागचा फोन मला समोर स्वच्छ दिसू लागला. ही युक्ती मी बायकोला मुद्दाम बोलावून दाखवली.

"छान," ती म्हणाली. ती उद्याच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती, लगेच आत गेली.

व्हिडिओ सुरू केला आणि मी चमकलो. मेकॅनिकचा हा बोल्ट नेमका माझ्याच बाजूचा होता, आणि तो फिरवत होता उजवीकडे. मी पुन्हा लावून बघितलं. उजवीकडेच.

"बाबा," मी हाक मारली, "ह्या बोल्टाला उलटे आटे असतील का हो?"

माझे वडील तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात पाइप जोडत होते. आटे म्हटलं की त्यांना तरतरी येते. ते खुर्ची घेऊन बोळात आले.

"असणारच," ते म्हणाले. "सायकलच्या डाव्या पेडलला नसतात का? फिरता फिरता आपोआप सुटू नये म्हणून करतात तसं. फार डोकं लावलेलं असतं त्यात."

मी थक्क झालो. म्हणजे कुठेतरी, कुणीतरी टेबलाशी बसून माझ्या बायकोच्या एका बोल्टाचा एवढा विचार केला होता. त्या अनोळखी माणसाबद्दल मला आदर वाटू लागला. मी पाना लावला आणि आदराने उजवीकडे जोर दिला.

बोल्ट ढिम्म. तेल सोडलं, हातोडीने ठोकला, पान्यावर जवळजवळ लोंबकळलो. अकरा वाजेपर्यंत मला घाम फुटला होता आणि बोल्ट होता तिथेच होता. तेव्हा मी शेजारच्या पैलवानाला बोलावलं. तो काम करतो टपाल कचेरीत, पण सकाळ-संध्याकाळ वजनं उचलतो, आणि त्याचे दंड शर्टात मावत नाहीत.

"कुठे फिरवू?" त्याने विचारलं.

"उजवीकडे."

"उजवीकडे आवळतो ना?"

"उलटे आटे आहेत," मी म्हटलं. बाबांनी मान डोलावली.

"अच्छा," पैलवान म्हणाला आणि बोल्टाकडे जरा निराळ्या नजरेने बघू लागला. मग त्याने दम धरला आणि ओढलं. पाना वाकला. दुसरा आणला, तो निसटला आणि पैलवानाची चार बोटं सोलली. तो बोटं तोंडात घालून बोल्टाकडे बघत राहिला.

"शंभर किलो उचलतो मी," तो हळूच म्हणाला. "हा कोण आहे?"

मग बाबांनी माळ्यावरून जुना लोखंडी पाइप काढायला लावला. तो पान्याच्या दांड्यावर चढवला की दांडा लांब होतो आणि जोर चौपट लागतो. पाइपाला तिघे लागलो. मी खाली, पैलवान मध्ये, बाबा टोकाला. बाबांनी 'एक दोन तीन' म्हटलं आणि आम्ही जीव खाऊन दाबलं. कट्ट असा आवाज आला आणि पाइप टीचभर सरकला.

"फिरला," पैलवान ओरडला.

बायको आतून धावत आली. "निघाला?"

"निघालाच समज," मी म्हटलं.

ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. तिने आम्हा तिघांना चहा केला, आणि पैलवानाच्या बोटांना पट्टी बांधताना उद्याच्या दवाखान्याबद्दल सांगत बसली. तिथे दोन खोल्या आहेत, एक झाड आहे, लसींचा फ्रीज अधूनमधून बंद पडतो. बंद पडणाऱ्या फ्रीजबद्दल एवढ्या आनंदाने बोलणारी बाई मी पाहिलेली नव्हती.

चहानंतर मात्र बोल्ट केसभरही हलला नाही. गरम पाणी ओतून झालं. पुन्हा तेल झालं. पाइप वाकला. तीन वाजेपर्यंत आमची अशी अवस्था झाली की आम्ही त्याच्यासमोर हळू आवाजात बोलू लागलो. तीन माणसं, एक पाइप, आणि हा एवढासा, करंगळीच्या पेराएवढा. तुटतही नव्हता. बाबांनी तर चष्मा पुसून त्याला नीट बघितलं आणि म्हणाले, "तीस वर्षांत असा बघितला नाही." त्यांच्या आवाजात कौतुक होतं, मी शपथेवर सांगतो.

चार वाजता बायको दारात येऊन उभी राहिली. एक शॉकअप काढलेला, दुसरा एका बोल्टावर लटकलेला, म्हणजे गाडी ढकलत नेणंही शक्य नव्हतं. शिवाय रविवार, गॅरेज बंद.

"होईल ना?" तिने विचारलं.

"होईल की," मी म्हटलं.

ती आत गेली. मी फटीतून मान लांबवून बघितलं, तर ती पलंगावर बसली होती, मांडीवर नेमणुकीचं पत्र ठेवलेली प्लॅस्टिकची फाइल घेऊन. ती ते वाचत नव्हती. मग मी हातोडी उचलली आणि जे ठोकायला सुरुवात केली, ते अख्खी इमारत हादरेपर्यंत.

आमच्या वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टर राहतात. अंगाने एवढ्याशा, आवाजही बेताचा. आठवड्यातून एकच दुपार त्यांना झोपायला मिळते, आणि ती आम्ही ठोकून काढली होती. त्या जिना उतरून आल्या तेव्हा मी बोलणी खायची तयारी ठेवली.

"काय अडलंय?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. उलटे आटे, पैलवान, पाइप, आणि अर्थात आरशाची युक्ती. त्या वाकल्या. त्यांनी फोनकडे बघितलं, मग आरशात बघितलं, मग पुन्हा फोनकडे.

"हा व्हिडिओ तुम्ही सकाळपासून आरशात बघताय?"

"हो. कल्पना माझीच."

"मग आटे उलटे नाहीत," त्या म्हणाल्या. "आरशात डाव्याचं उजवं दिसतं. मी बावीस वर्षं लोकांच्या तोंडात आरसा घालून काम करतेय. पहिले सहा महिने माझाही हात उलटाच जायचा."

बाबांनी वाकलेला पाइप आवाज न करता भिंतीला टेकवला.

"म्हणजे आम्ही दिवसभर..." पैलवान म्हणाला.

"आवळताय," डॉक्टर म्हणाल्या.

"पण दुपारी तो फिरला होता."

"तेव्हा जास्त आवळला गेला."

मी दाराकडे बघितलं. बायकोने सगळं ऐकलं होतं. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त डॉक्टरांना विचारलं, "निघेल का हो?"

"बघूया," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी ओढणी कमरेला खोचली.

पैलवान बाह्या सावरून पुढे झाला, म्हणाला, डावीकडे ओढायचा ना, आत्ता काढतो. डॉक्टरांनी त्याला दोन बोटांनी मागे सारलं. "ओढलात तर मान तुटेल आणि मूळ आत राहील. ओढून काही निघत नसतं. हलवून निघतं. तेल आत मुळाशी जायला हवं. सिरिंज आणते वरून."

"माझ्याकडे आहे," बायको म्हणाली आणि क्षणात घेऊन आली, तेल भरून, हवा काढून.

बोळात आता अंधारून आलं होतं. डॉक्टरांनी माझ्या हातात बॅटरी दिली. "उजेड इथे धरा. हलवू नका."

मग त्या दोघी बसल्या. मंडळी, पुढचा पाऊण तास मी जे पाहिलं, ते मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. डॉक्टर पाना लावून किंचित आत दाबायच्या, अगदी किंचित, मग किंचित बाहेर. आत, बाहेर. मग थांबायच्या. हात पुढे करायच्या, आणि तोंडातून शब्द निघायच्या आधी बायकोने त्या हातात हवं ते ठेवलेलं असायचं. कधी सिरिंज, कधी फडकं, कधी छोटी हातोडी. तिला कसं कळत होतं, मला ठाऊक नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि मी तिला काम करताना कधी बघितलंच नव्हतं. मला वाटायचं, नर्स म्हणजे इंजेक्शन आणि ताप. तिचा चेहरा इतका शांत होता की उद्या साडेआठची वेळ तिच्या डोक्यात आहे, हे कुणाला खरं वाटलं नसतं. पैलवान भिंतीला चिकटून उभा होता, पट्ट्या बांधलेले हात जोडल्यासारखे धरून. बाबा उठून उभे राहिले होते.

आणि मग तो फिरला. कट्ट नाही, काही नाही, नुसता फिरला. डॉक्टरांनी शेवटचे आटे बोटांनीच सोडवले, बोल्ट कापसात घेतला, निरखून बघितला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"चोवीस तास गरम काही नको," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच हसल्या.

नवे शॉकअप त्या दोघींनीच बसवले. शेवटी चारही बोल्ट बायकोने आवळले. "मला बसायचंय ह्याच्यावर," ती म्हणाली. मी पुढे केलेला हात मागे घेतला.

सोमवारी ती सातला निघाली. मी ऑफिसात जाऊन फोनकडे बघत बसलो. आठ वाजून सतरा मिनिटांनी तिचा एकाच शब्दाचा निरोप आला, 'हजर'. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. साहेबांनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, "हजर."

संध्याकाळी ती आली आणि गाडीवरून कमरेला हात न लावता उतरली. मी चहा तयार ठेवला होता.

"तिथल्या डॉक्टरबाईंना गावोगाव फिरतीवर जावं लागतं," ती सांगू लागली. "आज माझ्या मागे बसून आल्या. म्हणाल्या, काय सुरेख चालते गाडी, शॉकअप कुणाकडून बसवून घेतलेत?"

मी जरा सावरून बसलो. "मग?"

"खरं ते सांगितलं. दातांच्या डॉक्टरांकडून."

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. पुढचा सगळा रस्ता मला घट्ट धरून बसल्या."

"आणि माझं नाव नाही काढलंस?"

"काढलं ना. म्हटलं, नवऱ्याने बॅटरी धरली होती." चहाचा घोट घेऊन तिने माझ्याकडे बघितलं. "चांगली धरली होती, असंही म्हटलं."

आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू, दोनदा हलली होती.