सात मिनिटे माघारी आली त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी सांभाळो. "घड्याळाचा रंग बदला, रूप बदला, परंतु सात मिनिटे पुढे आहे ते पुढेच असो, वेळेस कोणी हात लावू नये," ऐसे कैलासवासी तुळाजीराव महाराज अखेरच्या दुखण्यात बोलिले, तो आवाज दरबारच्या लोकांच्या कानी अद्याप आहे. त्या आज्ञेचे पुढे काय जाहले ते देवापुढे हात जोडोन, जैसे घडले तैसे लिहिले असे.

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य एकादशी. ते समयी राज्याचा कारभार महाराजांचे कुटुंब राणीसाहेब चिमाबाई पाहात होत्या. राज्यात घड्याळ एकच. दरबारात मोठा संगणक, त्याचे पडद्यावर उजव्या कोपऱ्यात ते चाले, आणि त्यावर पाहोन देवळाची घंटा होई, आणि शाळा सुटे, आणि वेशीचे दार लागे. महाराजांस उशिराचा तिटकारा, सबब वीस वर्षे त्यांनी ते सात मिनिटे पुढे ठेविले. मग रयत काय करी, तर पडद्याकडे पाही, मनातल्या मनात सात वजा करी आणि सावकाश घराबाहेर पडे. महाराजांस हे ठाऊक असे आणि ते नुसते हसत.

राणीसाहेबांचे व्रत ऐसे की रोज सायंकाळी साडेपाचास आसनावर बसावे, आणि साडेसहापर्यंत मौन, पाणी नाही, उठणे नाही. चौतीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. गेल्या साली मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस महाराज आतल्या दालनात पलंगावर होते आणि बाई बाहेर आसनावर होत्या. समोर पडद्यावर साडेसहा वाजले. बाईंनी सात वजा केले आणि खऱ्या वेळेस अजून सात मिनिटे आहेत म्हणोन बसोन राहिल्या. इतक्यात महाराजांनी आतून पाणी मागितले. बाईंनी मनात म्हटले, एवढी सात मिनिटे सरोत. ती सरली आणि बाई पाणी घेऊन गेल्या, तो महाराज गेले होते.

त्यास वर्ष होत आले. तेव्हा बाईंनी घटिकानवीस विसाजी केशव, म्हणजे घड्याळाचे कारकून, यांस सकाळी बोलाविले आणि आज्ञा केली की सुतकातला काळा चेहरा आता नको, घड्याळ उजळ करावे. विसाजीपंत पडद्यापुढे बसले आणि एकेक विचारू लागले.

"चेहरा गोल ठेवू की चौकोनी? काटे हवेत की नुसते आकडे?"

"गोल असू द्या, काट्यांचा. आकडे मात्र आपले मराठी."

"पारदर्शक किती करू? पुसट केलं तर मागचं चित्र छान दिसतं."

बाईंची जुनी दासी सगुणा खांबाशी वाती वळत होती, ती म्हणाली, "पंत, घड्याळ वेळ बघायला असतं का मागचं चित्र बघायला?"

"तू वाती वळ. बाईसाहेब, सेकंदाचा काटा?"

"नको बाई. तो सारखा धावतो, माझं जपात लक्ष राहत नाही."

"आणि कोणतीही खिडकी उघडली तरी घड्याळ सगळ्यांच्या वर राहील, असं करू?"

"तसंच करा."

विसाजीपंतांची रीत ऐसी की नवा रंग देणे तर जुना आधी खरवडून काढावा. त्यांनी सेटिंगच्या पानावर 'सर्व मूळ स्थितीवर न्या' हे बटण दाबिले. जुना रंग गेला, आणि त्यासवे महाराजांची सात मिनिटेही गेली. पंतांनी इकडे तिकडे पाहिले. कोणास न कळता त्यांनी काटा सात मिनिटे पुढे ढकलिला आणि कपाळ पुसले. परंतु त्याच बटणाने मागल्या पानावर 'वेळ रोज आपोआप जुळवावी' या चौकटीत बरोबरची खूण पडली होती, ती त्यांनी पाहिली नाही.

मग सायंकाळ जाहली. बाई आसनावर बसल्या, सहा पंचविसाचे सुमारास सगुणेने देवळीत दिवा लाविला, वेशीवरचा पहारेकरी राणोजी याने दार लाविले. पडद्यावर साडेसहा वाजले, आणि काटा थरथरला आणि मागे गेला, सहा तेवीस. दिवा लागलेला नव्हता. वात कोरी होती आणि सगुणेच्या हाती जळालेली काडी पुन्हा अखंड होती. वेशीचे दार सताड उघडे होते. देवळाची घंटा मघाशी जितकी जाहली तितकीच पुन्हा जाहली. आणि आतल्या दालनातून, जेथे वर्षभर कोणी निजले नाही, खोकला आला आणि मग आवाज आला, "बाई, पाणी द्या." काही वेळाने पुन्हा, "व्रत आहे ना? असू द्या. थांबतो." मग भांडे जमिनीवर पडल्याचा नाद, आणि मग काही नाही. साडेसहा वाजले.

वीस वर्षे महाराजांनी जी सात मिनिटे पुढे ओढिली, त्यांतच ते गेले होते, आणि ती माघारी आली तेव्हा ते त्यांतून आले.

राज्यात बहुत भय जाहले. राणोजीचे वर्तमान ऐसे की दुसऱ्या खेपेस दार उघडे पाहोन तो म्हणाला, "एकदा लावलंय की मी, आता काय पुन्हा लावू?" आणि दगडावर बसला. साडेसहा वाजले तेव्हा दगडावर कोणी नव्हते. पंत रोज सकाळी महाराजांच्या आज्ञेप्रमाणे काटा पुन्हा सात मिनिटे पुढे करीत, सबब दुसरे दिवशी द्वादशीस सायंकाळी तो पुन्हा मागे गेला आणि त्या सात मिनिटांत वेशीवर त्याची काठी वाजताना लोकांनी ऐकिली, माणूस दिसला नाही. मग लोक समजले की पहिल्या खेपेस जे केले तेच दुसऱ्या खेपेस करावे, निराळे करील तो त्या सात मिनिटांत तिकडचाच जाहला. म्हणोन जो शिंकला होता तो धडपडोन पुन्हा शिंकला, आणि जी सुनेस बोलली होती तिने तेच बोल पुन्हा ऐकविले.

द्वादशीसही आवाज आला, "बाई, पाणी द्या." बाईंनी उठावे म्हटले, परंतु चौतीस वर्षांचे बसणे ते, उठवेना. व्रत सरल्यावर त्या आत गेल्या. पलंग रिकामा आणि उशीस डोक्याचा खळगा, हात लाविला तो ऊब होती. बाई हलकेच बोलिल्या, "उद्या उठेन. उद्या पाणी आणीन. इतकं थांबावं."

त्रयोदशीस सकाळी विसाजीपंतांस मागले पान सापडले. ते धावत आले आणि पायांवर पडले. "बाईसाहेब, चूक माझी. ही खूण पुसली की काटा पुन्हा मागे यायचा नाही. पुसू?"

"आज नको. उद्या सकाळी पुसा."

सगुणा वाती टाकोन पुढे आली. "राणोजीचं काय झालं ते पाहिलंत ना? तुम्ही पहिल्या वेळी बसून असाल, तर दुसऱ्या वेळीही बसूनच राहायचं. उठलात तर..."

"जाणून आहे गं मी."

"आणि व्रताचं काय? देवाला काय सांगाल?"

"देव चौतीस वर्षं बघतोय, तो रागवायचा नाही. त्यांनी मात्र एकच भांडं पाणी मागितलं होतं." ऐसे बोलोन बाईंनी सगुणेच्या डोक्यावर हात ठेविला. "उगी. तू दिवा दोन्ही वेळा लाव, चुकू नकोस हो."

मग साडेपाचास बाई आसनावर बसल्या. दिवा लागला, दार लागले, साडेसहा वाजले, आणि काटा थरथरोन मागे गेला आणि आतून खोकला आला. विसाजीपंतांनी डोळे मिटिले. सगुणेने पुन्हा काडी ओढिली.

इतकी ही हकीकत. सात मिनिटे राज्यात तीन वेळा माघारी आली. दोन वेळा एक राणोजी सोडोन सर्वांनी जे केले तेच केले. तिसरे वेळी राणीसाहेब चिमाबाई आसन सोडोन उठल्या, पाण्याचे भांडे पदराआड धरिले, आणि पाणी हिंदकळू न देता, हळू, आतल्या दालनाकडे चालू लागल्या.