वरच्या पाणवठ्याच्या दोन आवृत्त्या

एका जंगलात, दसऱ्याच्या सकाळी साडेसहा वाजता, सोनकी नावाची हरिणी वरच्या पाणवठ्यावर पाणी प्यायला आली. त्याच वेळी तिथे वाघ आला. वाघ परत गेला.

सोनकी गेली नाही.

मुलांनो, लगेच वाघाला नावं ठेवू नका. हे कायद्याचं जंगल होतं. तिथे तीन पाणवठे होते: वरचा, मधला आणि खालचा. हरणांनी कुठे प्यायचं आणि वाघाने कुठे, हे रोज पहाटे पाटीवर लागायचं. वाघ शिकलेला होता. त्याने सगळ्यांना पाटी दाखवली.

"वाचा. हरणे, वरचा पाणवठा. वाघ, वरचा पाणवठा. मी माझ्या वेळेला माझ्या जागी होतो. माझं काय चुकलं?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. चूक पाटीची होती, आणि पाटीला कुणी अटक करत नाही.

पाटीचा मजकूर दरबारच्या कचेरीत, कॉम्प्युटरवर तयार व्हायचा. तिथल्या एडिटरला, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमला, प्लगइन नावाची एक जोडणी होती. कचेरीने फक्त क्रमांक टाकायचा. हरणांना पहिला, वाघाला तिसरा. क्रमांकावरून पाणवठ्याचं नाव प्लगइन लिहायचं.

ते प्लगइन थोरल्या महाराजांनी स्वतःच्या पंजाने बसवलं होतं. ते पाणवठे डोंगराकडून मोजायचं. पहिला म्हणजे वरचा. त्यात वाघाची सोयच नव्हती, कारण थोरल्या महाराजांच्या काळी वाघ पाटी वाचत नसे. पुढे तो वाचायला शिकला, तेव्हापासून त्याची ओळ कचेरी हाताने लिहायची: खालचा.

मग खंडेनवमीच्या मुहूर्तावर प्लगइनची नवी आवृत्ती आली. तिच्यात वाघाची सोय होती. पण ती पाणवठे गावाकडून मोजायची. तिच्या हिशेबी पहिला म्हणजे खालचा आणि तिसरा म्हणजे वरचा.

आता तुम्ही म्हणाल, नवी आली तर जुनी काढून टाकायची. तुम्ही लहान आहात. या जंगलात थोरांनी बसवलेली वस्तू काढत नाहीत. नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसवली. कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि पेढे वाटले.

एडिटरला बिचाऱ्याला पेढा मिळाला नाही. तो नेहमीसारखा आधी जुनीकडे गेला. हरणांचा पाणवठा तिने सांगितला. वाघाचा तिला माहीत नव्हता, म्हणून तो नवीकडे गेला. तिने सांगितला. दोघींनी मिळून एक पाटी लिहिली.

दसऱ्याच्या दुपारी सोनकीची थोरली बहीण टिपरी कचेरीत आली. तिच्यामागे सोनकीचं पाडस उभं होतं. कचेरीचे प्रमुख होते साळिंदर. त्यांना सगळे अण्णा म्हणत.

"अण्णा, उद्या सकाळी या लेकराला कुठे पाणी पाजू?"

"पाटी लागेल ना, ताई."

"पाटी वाचूनच सोनकी गेली होती."

अण्णांचे काटे उभे राहिले आणि पुन्हा बसले. "आम्ही दोन्ही आवृत्त्या तपासल्या. जुनीत दोष नाही. नवीतही नाही. आपापल्या जागी दोघी निर्दोष आहेत."

"मग दोघींतली एक काढा."

नवी आवृत्ती आणली होती रानडुक्कर वराहरावांनी. ते कोपऱ्यात पेढा खात होते. त्यांना ठसका लागला.

"ऐकलंत, अण्णा? थोरल्या महाराजांची आवृत्ती काढा म्हणताहेत!"

"मी जुनी म्हटलं नाही, वराहराव. कुठलीही काढा."

"नवी काढू? अहो, कालचे पेढे अजून संपले नाहीत!"

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यावर झेंडूचा हार लोंबत होता. भूक नसताना, नुसत्या रागाने, टिपरीने तो दातांत धरून ओढला. खाली मजकूर होता: 'एकाच प्लगइनच्या दोन आवृत्त्या सापडल्या. एक काढा आणि एडिटर पुन्हा सुरू करा.'

"हे काय आहे, अण्णा?"

"ते होय? काल सायंकाळपासून येतंय. 'ठीक आहे' दाबलं की जातं."

"गेलेलं दिसत नाही."

"पुन्हा येतं. म्हणून मग हार जरा सरकवला." अण्णा थांबले. "म्हणजे, सरकला."

प्रकरण महाराजांकडे गेलं. महाराज म्हणजे थोरल्या महाराजांचे चिरंजीव. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि तसेच मिटून ठेवून निकाल दिला.

"जुनी आमच्या वडिलांची. नवी आमच्या कारकिर्दीतली. मान दोघींचा राहिला पाहिजे. वाद मात्र मिटला पाहिजे."

वराहराव तयारच होते. त्यांनी तिसरी आवृत्ती बसवली. तिचं नाव समन्वय. एडिटरने आता आधी तिलाच विचारायचं. तिचं काम एवढंच, की प्रत्येक क्रमांक डोंगराकडून मोजायचा, गावाकडूनही मोजायचा, आणि दोन उत्तरं वेगळी आली तर दोघांचा मान राखून मधला पाणवठा द्यायचा.

हरणांचा पहिला. डोंगराकडून वरचा, गावाकडून खालचा. मधला दिला.

वाघाचा तिसरा. डोंगराकडून खालचा, गावाकडून वरचा. मधला दिला.

दुसऱ्या दिवशीची पाटी संध्याकाळीच लागली. दरबारात टाळ्या झाल्या. सोनं लुटायची वेळ झालीच होती. सगळ्यांनी एकमेकांच्या पंजात आपट्याची पानं ठेवली.

"महाराज," टिपरी म्हणाली, "हरणंही मधल्यावर आणि वाघही मधल्यावर."

"तेच तर! एकमत झालं," महाराज म्हणाले.

"बरं केलंत," वाघ म्हणाला. "वरच्याला फार चढ होता."

टिपरीने आपट्याचं पान घेतलं नाही. पाडसाला पुढे घालून ती पाटीपाशी आली. तिथून तीन पायवाटा फुटत होत्या. लेकरू सकाळपासून तहानलेलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने पाटीकडे. मग पाटीकडे पाठ करून ती खाली बसली आणि तिने पाडसालाही बसवलं.

तात्पर्य: मुलांनो, दोन थोरांचं पटत नसेल तर हरणांना कधीमधी एखादा पाणवठा मोकळा मिळून जातो. म्हणून राज्यकर्त्यांनी थोरांत वेळीच एकमत घडवून आणावं. एकमताने झालेल्या चुकीला धनी लागत नाही.

पडद्यावर आता तीन आवृत्त्या सापडल्याचा आणि दोन काढण्याचा मजकूर आहे. हार पुन्हा त्याच कोपऱ्यावर आहे. तो तिथे कुणी सरकवला, हे कचेरीने अद्याप सांगितलेलं नाही.