आईची खोली, स्वयंपाकघर वगैरे

या गोष्टीवर विश्वास ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, पण एका पेंटरने एका सकाळी एकही वीट न रचता एका खोलीच्या चार खोल्या केल्या.

पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मंदी आली आणि नवी दुकानं थांबली. मग वर्षभर त्यानं ‘गाळा भाड्याने देणे आहे’ एवढंच रंगवून पोट भरलं. पुढे गाळेवाल्यांच्याही लक्षात आलं, की भाड्याने घेणारं कुणी उरलेलंच नाही. तेही काम गेलं. तेव्हा मोठी जागा सोडून पेंटर, बायको आणि आई एका खोलीत आले. कपाट शेजारच्या शिंप्याकडे ठेवलं, पलंग समोरच्या नर्सबाईंकडे. शिंप्याची पोरं दिवसभर आईजवळ, तर आईचं अंघोळीचं पाणी नर्सबाईंच्या गॅसवर. सगळ्या मजल्याचा संसार असा एकमेकांत घुसला होता, की कुणाची वाटी कुणाकडे हे वाट्यांनाही ठाऊक नव्हतं.

अशात पेंटरच्या ताईचा फोन आला. आईला स्वतंत्र खोली नसेल तर ती आईला घेऊन जाणार होती. आई समोर नसली की पेंटरच्या घशाखाली घास उतरत नसे. तो ठोकून मोकळा झाला, की आईची खोली काय घेऊन बसलीस, चार खोल्या आहेत!

ताई खोल्या बघायला येते म्हणाली, तेव्हा शेजाऱ्यांनी दोन तासांसाठी घरं दिली. शिंपी बायकापोरांसह जिन्यात जाऊन बसला. त्याच मजल्यावरचे म्हातारे मास्तर मात्र आपल्या खोलीतून हलेनात, तेव्हा त्यांना खोलीबरोबरच दाखवायचं ठरलं. एवढ्यावर भागलं असतं. पण पाटीशिवाय पेंटरला दार हे दारच वाटत नसे. त्यानं शेजाऱ्यांची नावं पुसून ‘आईची खोली’, ‘स्वयंपाकघर’, ‘वाचनाची खोली’ असं झोकात रंगवून टाकलं.

ताई ‘आईच्या खोलीत’ टेकते न टेकते तोच शिंप्याचं एक गिऱ्हाईक सवयीनं आत शिरलं आणि हात वर करून उभं राहिलं. आईनं शिवणकाम काढलंय, असं पेंटर म्हणाला. आईनंही शांतपणे टेप घेऊन त्या गृहस्थाची कंबर मोजली.

“दोन इंच उतरलीय,” ती म्हणाली. “हल्ली सगळ्यांचीच उतरते.”

‘स्वयंपाकघरात’ एक म्हातारे नर्सबाईंच्या इंजेक्शनसाठी बाकावर पालथे पडून होते.

“हे कोण रे?”

“पाहुणे. जेवणाआधी जरा पालथं पडलं की त्यांना भूक लागते.”

‘वाचनाच्या खोलीत’ मास्तर घोरत होते. ताई परत येऊन आईजवळ बसली आणि एकाएकी तिचे डोळे भरून आले.

“आमचं घर गेलं रे. आईला घेऊन जाते म्हणाले, ते नुसती अब्रू राखायला. पण तुझ्याकडे एवढ्या खोल्या आहेत, तर एक तारखेपासून आम्ही दोघं इथंच येतो. ही आईची खोली चालेल आम्हाला.”

तेवढ्यात दारातून शिंप्यानं डोकं आत घातलं.

“जरूर या, ताई. फक्त एक तारखेपासून आम्ही चौघांनी आमच्या घरात झोपायचं कुठं, तेवढं या थापाड्याला विचारून सांगा.”